पहिला तास कोणी घ्यायचा

या भांडणात भूगोलाच्या बाईंचा फायदा किती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कोणी त्यांना उगाच थोर समजायला नको.

प्राध्यापक संघटनेने विद्यापीठाकडे आठ टक्के पगारवाढ मागितली होती. आठ मागितले म्हणजे पाच मिळणार, हे मागणाऱ्यांना ठाऊक होतं आणि देणाऱ्यांनाही. पाच टक्क्यांतून कर वजा जाता बाईंच्या हातात महिन्याला जे पडणार होतं त्यात चपलांचा एक बरा जोड आला असता, तोही सवलतीच्या दिवसांत. तेवढ्यासाठी बाई घसा कोरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचा जीव अडकला होता मागणीपत्राच्या सगळ्यात शेवटच्या कलमात: तासिकेवर शिकवणाऱ्यांना सुट्टीतलाही पगार द्यावा.

तासिकेवरचे म्हणजे जितके तास घेतील तितक्याच तासांचे पैसे मिळणारे. कॉलेजला सुट्टी लागली की त्यांचा पगारही सुट्टीवर जायचा. बाई स्वतः कायम नोकरीत, शिवाय विभागप्रमुख. त्यांना या कलमातून दमडी मिळणार नव्हती. पण त्यांच्या विभागात तासिकेवरची एक शिक्षिका होती, जिला सगळे ‘धाकटी’ म्हणत, आणि ही धाकटी सकाळी साडेसातला पहिल्या वर्षाचं नकाशाचं प्रात्यक्षिक घ्यायची. खोलीभर अर्धवट झोपेतली मुलं, बोथट पेन्सिली, आणि डोंगराच्या जागी दरी काढून ठेवलेले नकाशे. धाकटी तो तास हसत घ्यायची. ती येण्यापूर्वी तोच तास बाई घ्यायच्या, न हसता. धाकटी आल्यापासून बाई सकाळी सातपर्यंत झोपत होत्या, आणि या वयात माणसाला जी काही सुखं मिळतात त्यांत या सुखाचा नंबर त्यांनी बराच वर लावला होता.

अशात एक दिवस धाकटी पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाली, “बाई, मला जमीनमोजणीच्या एका कंपनीने बोलावलंय. बारा महिने पगार देतात.”

बाईंनी घाईघाईने विचारलं, “आणि तू काय म्हणालीस?”

“सत्र संपेपर्यंत कळवते म्हणाले. सुट्टीचा पगार लेखी मिळाला तर मी कुठे जात नाही, बाई. मला शिकवायलाच आवडतं. पण नुसतं आवडून कसं चालेल? हौसेला मोल नाही म्हणतात, पण माझा घरमालक तसं म्हणत नाही.”

बाई तडक संघटनेच्या कचेरीत गेल्या आणि वाटाघाटीच्या समितीत नाव देऊन आल्या. आजवर वर्गणी भरण्यापलीकडे संघटनेचा वारा अंगाला लागू न दिलेली ही बाई आपण होऊन आली, म्हटल्यावर सगळ्यांना भरून आलं. समितीत दोघं आधीच होते. एक तर्कशास्त्राचे सर, ज्यांना चहा हवा की नको विचारलं तरी दोन विधानं आणि एक निष्कर्ष ऐकावा लागे. आणि एक रसायनशास्त्राचे सर, जे कोणत्याही कागदावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो उजेडासमोर धरून बघत. दोघांनी एकमताने बाईंना समितीचं पुढारीपण दिलं. कारण सरळ होतं. समोरच्या बाजूने बोलणार होत्या विद्यापीठाच्या वित्त अधिकारी, आणि वित्त अधिकारी म्हणजे बाईंची थोरली नणंद.

“तुम्हाला त्यांची नस माहीत असणार,” तर्कशास्त्राचे सर म्हणाले.

“नस माहीत असती,” बाई म्हणाल्या, “तर आमच्या दिवाणखान्याचे पडदे जांभळे असते का?”

पडदे जांभळेच होते. ते नणंदेने निवडले होते. घरही तिनेच निवडलं होतं, त्यातला मजलाही, आणि बाईंच्या लग्नाचा दिवसही. बरं, दरवेळी निवड योग्यच ठरायची, हे जास्त झोंबायचं. घरात ती ताई; विद्यापीठात मॅडम. घरात ‘अगं’, विद्यापीठात ‘आपण’. दर रविवारी दुपारी ती भावाकडे जेवायला यायची, आणि वाटाघाटी सुरू झाल्याबरोबर भावाने नियम घालून दिला होता: जेवणाच्या टेबलावर विद्यापीठाचं नाव काढायचं नाही. भाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांना ‘आ करा’ सांगून संध्याकाळी स्वतः तोंड मिटून बसण्याची कला त्यांना साधली होती. बायको आणि बहीण यांच्यामध्ये बसणाऱ्या माणसाला दुसरी कला येऊन उपयोगही नव्हता.

पहिली बैठक झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. मॅडम सगळ्यांशी गोड. खोली हवेशीर, चहा गरम, खुर्च्यांना गाद्या. समोर त्या आणि त्यांच्या शेजारी कुलसचिव. हे गृहस्थ दर दहा मिनिटांनी ‘एक फोन करून येतो’ म्हणून बाहेर जात आणि परत आले की मागचं सगळं पुन्हा समजावून मागत. कलमं एकामागून एक येत. प्रवासभत्त्यावर अर्धा तास, ग्रंथालयाच्या पंख्यांवर पाव तास. सुट्टीच्या पगाराचं कलम शेवटचं. त्याला हात घालायची वेळ आली, तर्कशास्त्राचे सर खाकरून पुढे सरकले, “आता पाहा, शिक्षकाला पोट असतं हे पहिलं विधान. पोटाला सुट्टी नसते हे दुसरं. म्हणून...” की बाहेर घंटा व्हायची. आणि सर त्या ‘म्हणून’वरच वाक्य सोडून उठायचे. रसायनशास्त्राचे सर त्यांच्या आधीच दारात पोचलेले असायचे. दोघांचे तास असायचे. तास बुडवायचा नाही हा त्यांचा बाणा, आणि नोकरीभर घंटेवर उठलेल्या पायांना समोर कुलगुरू बसलेत की बृहस्पती, याच्याशी कर्तव्य नसतं. खुद्द बाईही अर्ध्या उठलेल्या असायच्या. त्यांना त्या वेळी तासही नसायचा.

“पुढच्या वेळी घेऊ हं हे कलम,” मॅडम हळहळून म्हणायच्या.

तीनदा असं झालं. सत्र संपत आलं. धाकटीने विचारलं, “बाई, काही झालं का?” बाई म्हणाल्या, “पंखे मिळाले.” धाकटी हसली, पण त्या हसण्यात आता कंपनीचं पत्र दिसू लागलं होतं. त्या रात्री बाईंनी कपाटातून जुनं गजराचं घड्याळ काढून पाहिलं आणि सापाला हात लागल्यासारखं परत ठेवलं.

रविवारी जेवताना नणंद मजेत होती. बटाट्यांची तारीफ केली, मीठ किंचित कमी आहे म्हणाली, आणि भावाकडे वळली.

“बाळ्या, मास्तरांचं मला फार नवल वाटतं रे. खोली द्या, चहा द्या, गाद्या द्या. घंटा झाली की उठले. घर पेटलं असेल तरी आधी घंटा होऊ दे म्हणतील आणि मग विझवतील.”

“ताई, टेबलावर विद्यापीठ नको,” डॉक्टर म्हणाले.

“मी विद्यापीठाचं कुठे बोलतेय? घंटेचं बोलतेय. घंटा कुठेही असते.”

बाईंचा घास हातातच राहिला. बैठकीची ती खोली, जिन्याजवळची, घंटेला चिकटून असलेली, कोणी निवडली होती? बैठकीची वेळ कोणी ठरवली होती? कलमांचा क्रम कोणी लावला होता? पडदे ज्यांनी निवडले त्यांनीच. इतके दिवस बाईंच्या डोळ्यांवर झापड होती.

“तुमची पुढची तारीख तेवढी सांगून ठेवते,” नणंद कोशिंबीर वाढून घेत म्हणाली. “परीक्षेचा पहिला दिवस. दहा वाजता. त्यानंतर मला दुसरा दिवसच मोकळा नाही. पण तुम्हा लोकांना पर्यवेक्षण असेल ना? नाही जमलं तर राहू दे, पुढच्या सत्रात बघू.”

‘नाही जमणार’ हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर परीक्षेचं दालन उभं राहिलं. परीक्षेच्या दिवशी तासांच्या घंटा होत नाहीत. एक घंटा दहाला, दुसरी एक वाजता. मध्ये तीन तास शुकशुकाट. आणि त्या तीन तासांत शिक्षक नावाचा प्राणी चहा पीत नाही, बाहेर जात नाही, आणि मुख्य म्हणजे कोणाला जाऊ देत नाही.

“जमेल की, ताई,” बाई म्हणाल्या. इतक्या गोड म्हणाल्या की नणंदेचा मिठाकडे गेलेला हात मध्येच थांबला.

डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला.

सोमवारी बाईंनी तिघांचंही त्या दिवशीचं पर्यवेक्षण दुसऱ्यांकडे लावून घेतलं आणि समितीला सांगितलं की आपलं शेवटचं कलम या वेळी पहिलं घ्यायचं.

“क्रम बदलल्याने निष्कर्ष बदलत नाही,” तर्कशास्त्राचे सर म्हणाले.

“सर, क्रम बदलल्याने घंटा बदलते. आणि एक करा. त्या दिवशी तुम्ही दाराजवळ बसा.”

“का बरं?”

“वारा येतो तिथे.”

त्या दिवशी दहाची घंटा झाली तेव्हा सगळे आपापल्या जागी होते. घंटेबरोबर दोन्ही सरांच्या पाठी ताठ झाल्या. तर्कशास्त्राच्या सरांनी दार लावून घेतलं. बाईंनी पहिलं कलम वाचलं.

“हे तर शेवटचं ना?” मॅडमनी विचारलं.

“आम्ही सोपा प्रश्न आधी सोडवायला शिकवतो,” बाई म्हणाल्या.

कुलसचिव सवयीने उठले. “मी जरा एक फोन...”

“पहिला अर्धा तास बाहेर जाता येणार नाही,” दाराजवळून आवाज आला.

तर्कशास्त्राचे सर विनोद करत नव्हते. त्यांच्या तोंडून ते आपोआप निघालं होतं, जसं दचकलेल्या माणसाच्या तोंडून ‘आई गं’ निघतं. गंमत अशी की कुलसचिवही आपोआप खाली बसले. एके काळी ते याच सरांचे विद्यार्थी होते, आणि तर्कशास्त्रात दुसऱ्या खेपेला सुटले होते. बसल्यावर त्यांना आपलं पद आठवलं, पण तोवर उशीर झाला होता; बसलेला माणूस रागावून उठला तर बरं दिसत नाही.

मग रसायनशास्त्राचे सर उठले आणि फिरू लागले. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात पाठीमागे, रबरी तळव्यांचे बूट, आवाज नाही. मॅडमच्या मागे आले की थांबायचे. कुलसचिवांच्या मागे आले की वाकून बघायचे. कुलसचिवांनी समोरच्या कागदावर हाताचा आडोसा केला, तो पुढे दोन तास काढला नाही. कागदावर त्यांनी एक बदक काढलं होतं.

“सर, आपण बसलात तर बरं होईल,” मॅडम म्हणाल्या.

“माझं चालू द्या,” सर म्हणाले. “तुमचं होऊ द्या निवांत. भरपूर वेळ आहे.”

अकरा वाजले. चहा आला नाही, कारण चहावाल्याला दार उघडून तर्कशास्त्राच्या सरांनी तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं होतं. साडेअकरा झाले. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता, पण कुलसचिवांची पुन्हा उठायची छाती होईना. त्यांनी शेवटी नुसता हात वर केला. रसायनशास्त्राचे सर त्यांना बाहेर घेऊन गेले आणि घेऊन आले.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण दातांच्या डॉक्टरांच्या बायकोला कोणी सांगायला नको. बाई गप्प बसून राहिल्या. शांततेची सवय ज्याला असते त्याला ती मऊ लागते. ज्याला नसते त्याला टोचते. प्रशासनाची माणसं दिवसभर फोनच्या आवाजात राहणारी. पावणेबाराला कुलसचिव मॅडमच्या कानाशी लागले, “देऊन टाका ना. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

“देऊन टाका म्हणजे कुठून? माझ्या पर्समधून?” मॅडम बोलल्या त्या बाईंकडे बघत. “बाई, आपणच सांगा. पैसे आणू कुठून?”

बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मुख्य इमारतीसमोर एक मोठा गोल खड्डा खणलेला होता. तिथे कारंजं व्हायचं होतं. पाणी रंगीत, दिवे रंगीत.

“ते कुलगुरूंचं स्वप्न आहे!” कुलसचिव घाबरून म्हणाले.

“स्वप्न काय, पुढच्या वर्षीही पडतं,” मॅडम म्हणाल्या आणि ताबडतोब आकडेमोड करू लागल्या. इतक्या ताबडतोब, की बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हे कारंजं नणंदेलाच नको होतं की काय? पुढे वर्षानुवर्षं त्याची गळती कोणाच्या खात्यावर येणार होती? स्वतः नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून संघटनेच्या तोंडून नाही वदवून घेतलं, असं तर नाही? सुंठीवाचून खोकला गेल्याचं समाधान मॅडमच्या चेहऱ्यावर होतं खरं. पण बाईंनी मनाशी म्हटलं, तिचा खोकला जाऊ दे, मला माझी झोप मिळाल्याशी कारण.

पुढचं सगळं उताराला लागलं. आठाचे पाच व्हायला वीस मिनिटं लागली, आणि त्यातली दहा तर्कशास्त्राच्या सरांच्या दोन विधानांत गेली. कुलसचिवांनी बारीक आवाजात विचारलं, “सर, बरोबर आहे ना?” सर म्हणाले, “बरोबर. पण पायऱ्या दाखवल्या नाहीत.”

करार टंकून आला. रसायनशास्त्राच्या सरांनी प्रत्येक पान खिडकीच्या उजेडात धरलं. सह्या झाल्या. एक वाजायला थोडा अवकाश होता. बाईंनी पेनाला टोपण लावलं, आणि तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “एक ओळ राहिलीच की.”

त्यांनी पहिल्या कलमाच्या खाली, स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. “सुट्टीचा पगार घेणाऱ्या तासिकेवरील शिक्षकांच्या तासांना मर्यादा राहील. विभागातील सकाळचा पहिला तास विभागप्रमुख घेतील.” मग डोळे वर करून अगदी घरच्या आवाजात, “कारंज्याने सगळं नाही गं भागत. थोडे तास वाचवावे लागतात. तुमच्या बाजूचे दोघं इथे आद्याक्षरं घालतील ना?”

दोघांनी घातली. रसायन आणि तर्क यांपैकी कोणीही विभागप्रमुख नव्हतं.

बाईंच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. साडेसात. बोथट पेन्सिली. डोंगराच्या जागी दऱ्या. “थांबा,” त्या म्हणाल्या, “या ओळीवर मला...”

आणि घंटा झाली.

“लेखण्या खाली!” तर्कशास्त्राचे सर गरजले. “वेळ संपली. कोणीही लिहायचं नाही.” दोन ढांगांत ते टेबलापाशी आले, मॅडमच्या हातचा कागद घेतला, बाईंच्या हातचा घेतला, कुलसचिवांचं बदकही घेतलं, गठ्ठा ठोकून कडा जुळवल्या आणि दोऱ्याने बांधून टाकला. त्यांना आपण काय केलं हे कळलंच नव्हतं. त्यांचा चेहरा कर्तव्य झाल्याने शांत होता.

बाई उठून उभ्या होत्या. तोंड उघडं होतं. गठ्ठा सोडायला लावणं काही अवघड नव्हतं. एक शब्द पुरला असता. पण गठ्ठा सुटला की पहिलं कलमही सुटणार, कुलसचिव जेवून ताजेतवाने होऊन येणार, आणि कारंज्याच्या स्वप्नाला कुलगुरू स्वतः येऊन पाणी घालणार. दाराच्या काचेतून धाकटी दिसत होती. पर्यवेक्षण संपवून थेट धावत आली होती, हातात उत्तरपत्रिका तशाच. तिने भुवया उंचावून विचारलं: झालं?

बाईंनी तोंड मिटलं. मान हलवली: झालं.

धाकटीने काचेपलीकडे अशी उडी मारली की चार उत्तरपत्रिका जमिनीवर गेल्या. बाईंना हसू आलं. नको असताना आलं, पण आलं, आणि मग थांबेना. मॅडम पर्स आवरता आवरता जवळ आल्या. “चांगली लढलीस गं,” त्या हळूच म्हणाल्या. “परीक्षेचा दिवस तू धरशील असं वाटलं नव्हतं. रविवारी जेवायला काय करतेयस?”

“या रविवारी तुम्ही करा, ताई,” बाई म्हणाल्या. “मी झोपणार आहे. उरलेत तेवढे दिवस झोपून घेते.”

नणंद खळखळून हसली, आणि रविवारी खरंच स्वतः डबा घेऊन आली. मीठ जास्त होतं. बाईंनी ते बोलून दाखवलं, आणि नणंदेने ऐकून घेतलं. अशी नोंद त्या घरात पहिलीच.

आता शेवटचा हिशेब. धाकटीने कंपनीला नम्र नकार कळवला, हल्ली ती दहा वाजता येते, ताजीतवानी, आणि बाईंना म्हणते, “बाई, दमलेल्या दिसता.” कुलगुरूंचं कारंजं गेलं, खड्ड्यात फुलझाडं लावली, ती स्वस्त पडली, आणि कुलगुरूंचा फोटो त्यांच्यासमोरही तितकाच चांगला आला. कुलसचिवांनी काही गमावलं नाही, बदक सोडून. तर्कशास्त्राच्या सरांना कोणीतरी सांगितलं की तुमच्यामुळे बाईंचा सकाळचा तास गेला, तेव्हा ते म्हणाले, गेला नाही, आला. बाईंना पाच टक्के मिळाले, त्यातून त्यांनी खरंच चपला घेतल्या, आणि त्या घालून सकाळी साडेसातला वर्गात उभ्या राहतात. दऱ्यांचे डोंगर करतात. मधूनच हसतात सुद्धा, असं मुलं सांगतात.

आणि किंमत मोजली कोणी म्हणाल, तर या सगळ्या भांडणात ज्याने ‘टेबलावर विद्यापीठ नको’ यापलीकडे तोंड उघडलं नाही त्याने. बाईंना गजराने जाग येत नाही. गजराने जाग येते डॉक्टरांना. पहाटे साडेपाचला उठून ते चहा करतात, बायकोला उठवतात, गाडी काढतात, तिला विद्यापीठाच्या फाटकाशी सोडतात, आणि मग पहिला पेशंट येईपर्यंत दवाखान्यात त्याच्याच खुर्चीवर आ करून झोपतात.